तिने दार उघडले आणि

"शेवटी ती परत आत येते न आई, तेच मला सगळ्यात आवडलं," भाग्यश्री म्हणाली आणि उकडलेल्या कैरीचा गर चाळणीवर घासू लागली.

वेलदोडे कुटणारा नीरजाचा हात थांबला. जूनमधला पहिला रविवार होता. संध्याकाळी गच्चीवर उन्हाळी वाचनाची बैठक भरायची होती आणि बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे बैठकीचे पन्हे या वर्षी नीरजाच्या घरून जायचे होते. उन्हाळ्यात प्रत्येकाने एखादी कादंबरी किंवा आत्मचरित्र वाचावे आणि जूनमध्ये त्याविषयी आपल्याला काय वाटले ते सांगावे, एवढाच त्या बैठकीचा विधी. सून या वर्षी पहिल्यांदाच बोलणार होती. कोणत्या पुस्तकावर, असे नीरजाने मघाशी सहज विचारले होते आणि उत्तर ऐकून ती हरखली होती. कारण भाग्यश्रीने मे महिन्यात अमरावतीला माहेरी जाऊन वाचून आणलेली ती शालिनीची कादंबरी होती. कोषागाराच्या कचेरीत बावीस वर्षे एकाच टेबलाशी बसलेल्या शालिनीची, एका पहाटे पिशवी भरून दाराशी उभ्या राहिलेल्या शालिनीची. गेल्या वर्षी याच कादंबरीवर नीरजा स्वतः बोलली होती. सासू आणि सून यांच्यात लग्नानंतरच्या सहा महिन्यांत भाजीचे, इस्त्रीचे आणि नीरजाच्या मुलाच्या, आमोदच्या, अमेरिकेहून येणाऱ्या फोनच्या वेळांचे बोलणे झाले होते. आता एक माणूसच दोघींच्या ओळखीचे निघाले होते.

"कोण परत येते?" नीरजाने विचारले.

"शालिनी. दार उघडते, रस्ता बघते आणि परत आत येते."

"नाही गं. शालिनी परत येत नाही. ती दार उघडते आणि तिथून मधमाश्या सुरू होतात."

"मधमाश्या?"

भाग्यश्रीने चाळणीतून हात काढला आणि सासूकडे पाहिले. त्या पाहण्यात हसू नव्हते आणि शंकाही नव्हती; वडीलधारे माणूस काही भलतेच बोलले की नव्या सुनेने जसे पाहावे तसे ते पाहणे होते. "असतील हं आई," ती म्हणाली. "मी ॲक्च्युअली जरा भरभरच वाचलं." आणि तिने गुळाचा डबा पुढे ओढला. नीरजाला तिचे वाक्य लागले नाही, त्यातला समजूतदारपणा लागला. बँकेत, अगदी शेवटच्या वर्षी, संगणकावरची नवी मुले अशाच आवाजात तिला म्हणत असत, "असू दे मॅडम, मी करतो."

गेल्या जूनमधली ती संध्याकाळ तिच्या मनात एखाद्या चांगल्या भांड्यासारखी पुसून ठेवलेली होती. यज्ञेश्वर सर, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मराठीचे शिक्षक, बैठकीचे चालक. आयुष्यभर पेठेत राहून उतारवयात लिफ्टसाठी इकडे आले आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहिले, असे ते स्वतःच सांगत. बैठकीचा एकमेव नियम त्यांचाच होता : कथानक सांगायचे नाही. "कथानक पुस्तकात छापलेले असते. त्यासाठी तुम्ही उभे राहण्याची गरज नाही. तुम्हाला काय झाले तेवढे सांगा. जो कथानक सांगेल त्याला पन्हे मिळणार नाही." आणि खरोखरच दोघातिघांना त्यांनी पन्ह्यावाचून ठेवले होते. त्या नियमाखाली नीरजा उभी राहिली होती आणि तिने घटना एकही न सांगता फक्त एका वाक्याविषयी सांगितले होते. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानावर संपणारे ते वाक्य : तिने दार उघडले आणि मी बाहेर आलो तेव्हा उजाडले होते. दार उघडणारी 'ती' होती आणि बाहेर येणारा 'मी' एक पुरुष होता, टपालखात्यातून बाहेर पडून डोंगराळ गावात मधमाश्या पाळणारा. पुढची शंभर पाने त्याची. शालिनीचे नावसुद्धा पुन्हा येत नाही. जी बाई बावीस वर्षे बोलली नाही तिला बोलायला स्वतःचा आवाज उरलाच कुठे होता, असे नीरजाने विचारले होते. लेखकाने तिला दुसऱ्याचा आवाज दिला, दुसरा देह दिला, आणि त्या पेट्यांमध्ये गुणगुणतात ते तिचेच न बोललेले शब्द आहेत, असे आपल्याला वाटले, असे ती म्हणाली होती. मग यज्ञेश्वर सर, ज्यांनी आजवर कुणाला "ठीक" याच्या वर गुण दिले नव्हते, चष्मा काढून म्हणाले होते, "नीरजाबाई, तुम्ही वाचलंत. आम्ही पाने उलटली." 

तो शेरा ती वर्षभर वापरत होती. जानेवारीत बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. शाखेतले निम्मे लोक चहाच्या टपरीवर आकडेमोड करत उभे असत, निम्मे देवळात. नीरजाने काहीच विचारले नाही कुणाला. विचारण्यासारखा माणूस जाऊन नऊ वर्षे झाली होती, आणि आमोदने फोनवरून "तुला वाटेल ते कर आई" असे प्रेमळ आणि निरुपयोगी उत्तर दिले होते. अर्जावर सही करताना तिच्या मनात ते वाक्य आपोआप म्हटले गेले, शुभंकरोतीसारखे. तिने दार उघडले आणि मी बाहेर आलो. सही करणारी ती निराळी होती. दारातून जो कोणी बाहेर पडेल तो निराळा असेल, त्याची काळजी आत्ता करायची नाही. एप्रिलपासून ती घरी होती. पहिले काही दिवस सकाळी दहाला पायांना उगीचच चपलांची आठवण होई. मग ती गॅलरीत कुंड्या वाढवू लागली, दुपारी वाचू लागली, आणि आपण उजाडल्यावर बाहेर आलो आहोत असे तिला बऱ्याच वेळा, अगदी बऱ्याच वेळा, वाटू लागले. आणि आता ही मुलगी सांगत होती, शालिनी परत आत आली.

पन्हे फ्रीजमध्ये ठेवून ती बापूरावांच्या वाचनालयात गेली. पिठाची गिरणी आणि नुकताच उघडलेला सायबर कॅफे यांच्या मधल्या गाळ्यात ते होते. पुस्तक विकत आणले की बापूराव आधी त्याचे मुखपृष्ठ फाडून टाकत आणि कॉफीच्या रंगाच्या रेक्झिनमध्ये त्याची बांधणी करून घेत. "चित्र बघून पुस्तक नेणारा वर्गणीदार मला नको," हे त्यांचे म्हणणे. दर दोन-चार वर्षांनी खिळखिळी झालेली पुस्तके ते गठ्ठ्याने पुन्हा बांधणीला धाडत. त्यामुळे त्यांच्या फडताळात सगळी पुस्तके एका गणवेशातल्या मुलांसारखी उभी असत, पाठीवर फक्त क्रमांक. नीरजाने आपले पुस्तक काढले, खिडकीशी नेले आणि एकशे शहात्तरावे पान उघडले. डावीकडचे पान करडे होते. उजवीकडचे पिवळसर होते. टाइप तोच, आकार तोच, प्रकाशक तोच असावा. सोळा पानांचा एकेक फर्मा, त्यातला अकरावा इथे संपत होता आणि बारावा सुरू होत होता. पण बारावा या पुस्तकाचा नव्हता. कुणाच्या तरी आत्मचरित्राचा होता. उसवलेल्या दोन पुस्तकांचे गठ्ठे बाइंडरच्या पाटावर शेजारी पडले असणार, आणि त्याने पानांचे आकडे जुळवून, अगदी मन लावून, ती शिवली असणार. गंमत अशी, की कागदाचा रंग बदललेला तिने गेल्या वर्षीही पाहिला होता. दार उघडल्याबरोबर पानही उजळते, असे तिला तेव्हा वाटले होते, आणि प्रकाशकाच्या धाडसाचे तिने मनोमन कौतुक केले होते.

"नीरजाताई, हे वाचलेलं आहे तुमचं," बापूराव म्हणाले.

"पुन्हा वाचते."

"वाचा, वाचा. चांगलं असेल तर सांगा आम्हालाही. आम्हाला कुठला वेळ वाचायला!"

परतताना ऊन डोक्यावर आले होते. मार्केट यार्डाकडून येणाऱ्या टेम्पोंनी रस्ता भरला होता आणि हवेला कांद्याच्या सालांचा वास होता. नीरजा पुस्तक छातीशी धरून चालली होती, आणि आपण एखादी चोरीची वस्तू नेत आहोत असे तिला वाटत होते. एका डिंकाच्या बोटाने, खळीच्या एका पुचाऱ्याने, तिला बँकेबाहेर काढले होते. आज संध्याकाळी भाग्यश्री उभी राहील, निरागसपणे म्हणेल की ती परत येते तेच मला आवडलं, आणि गेल्या वर्षी ज्यांनी ऐकले ते सगळे नीरजाकडे वळून पाहतील. मधमाश्यांचे काय, असे कोणीतरी विचारेल. मग हसू पसरेल. वाईट हसणारे त्यांच्यात कोणी नव्हते, पण तो शेरा, तो एकच शेरा, त्या हसण्यात विरघळून जाईल. निवृत्त बाईजवळ घर असते, पेन्शन असते, कुंड्या असतात. पण "तुम्ही वाचलंत" असे म्हणणारा एक माणूस असणे ही निराळीच मालमत्ता आहे, आणि ती राखायची तर संध्याकाळपर्यंत काहीतरी करायला हवे होते.

तिने ते केले. जेवताना, ताटातली कोशिंबीर सारखी करत, ती म्हणाली, "आज त्या पुस्तकावर नको बोलूस तू. दुसरं एखादं घे ना. ते... गेल्या वर्षी झालंय सगळ्यांचं ऐकून."

भाग्यश्रीचा घास हातात राहिला. "बरं, आई," ती म्हणाली. फक्त एवढेच. मग उठून तिने ओट्यावर ठेवलेले आपले पुस्तक, अमरावतीहून आणलेले, कडांना हळदीची बोटे लागलेले, आत नेऊन ठेवले. कपाटाचे दार लागल्याचा आवाज आला. फार हळू लावले होते तिने.

दुपारी नीरजा पलंगावर पडली, पण डोळा लागला नाही. पंखा गरगरत होता आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याला ते "बरं, आई" परत येत होते. तिला आठवले, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने एकदा जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाविषयी काही बोलायला सुरुवात केली होती, आणि सासरे अतिशय सौम्यपणे म्हणाले होते, "आमटी वाढ." त्या सौम्यपणावर कधी रागही धरता आला नव्हता. आतल्या खोलीत भाग्यश्री संगणकावर काहीतरी टकटक करत होती. तिच्या कंपनीत सध्या काम कमी होते, मुले नुसती बसवून ठेवली होती, केव्हा कोणाला घरी पाठवतील सांगता येत नव्हते. या सगळ्याविषयी ती कधी बोलली नव्हती. कदाचित आज, शालिनीविषयी बोलता बोलता, बोलली असती. पंख्याची फेरी पुन्हा आली. वर्षभर एका उघडणाऱ्या दाराच्या जोरावर जगून आपण आज दुपारी, कोशिंबीर सारखी करत, काय केले, हे नीरजाच्या लक्षात आले आणि ती उठून बसली. मग विचित्र गोष्ट झाली. तिला हसू आले. मधमाश्यांच्या पेट्या पावसाळ्यात कशा झाकाव्यात यावर त्या गृहस्थाने सात पाने लिहिली होती, आणि ती सातही पाने तिने शालिनीचे मौन म्हणून, डोळ्यांत पाणी आणून वाचली होती.

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. वयस्कांना प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पर्वतीमागे ऊन उतरले होते आणि पाण्याच्या टाकीची सावली बैठकीवर पडली होती. पन्ह्याचे पातेले टाकीच्या कट्ट्यावर, ओल्या फडक्यात. मार्केट यार्डात बटाट्याची अडत असलेले रंगराव पाटावर मांडी घालून बसले होते. मूळचे लोणी काळभोरचे, "खऱ्या माणसानं लिव्हलेलं" म्हणून फक्त आत्मचरित्रे वाचणारे. शेजारी त्यांच्या पत्नी प्रेमला. बापूराव मागे, न वाचणाऱ्यांच्या रांगेत.

"नव्या सभासदापासून सुरुवात," यज्ञेश्वर सर म्हणाले.

"सर, या वर्षी मी फक्त ऐकते," भाग्यश्री बसूनच म्हणाली.

"ऐकायला कान लागतात, उभं राहायला पाय. दोन्ही दिसतायत मला. उठा."

भाग्यश्री सतरंजीच्या काठाकडे पाहत राहिली. तिने नीरजाकडे पाहिले नाही. न पाहण्याची तिने काळजी घेतली, आणि ती काळजी नीरजाला साऱ्या गच्चीभर दिसली. नीरजा उभी राहिली.

"तिला मी बोलू नकोस म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून ती गप्प आहे. भाग्यश्री, जा, पुस्तक घेऊन ये खालून. आणि सर, आज मी कथानक सांगणार आहे. मला पन्हं देऊ नका."

तिने सगळे सांगितले : करडे पान, पिवळे पान, अकरावा फर्मा, बारावा, टपालखाते सोडून मधमाश्या पाळणारा तो गृहस्थ. भाग्यश्री धापा टाकत वर आली तेव्हा नीरजाने पिशवीतून वाचनालयाची प्रत काढून आपल्या पानाच्या तळाची ओळ वाचली, "तिने दार उघडले आणि," आणि सुनेला म्हणाली, "आता तू वाच पुढचं. खरं."

भाग्यश्रीने वाचले, "समोरचा लांबलचक रस्ता पाहून ती परत आत आली."

यज्ञेश्वर सरांनी हात पुढे केला. वाचनालयाची प्रत घेऊन त्यांनी ती दोन पाने उजेडाकडे धरली, चष्म्यातून पाहिली, चष्म्याखालून पाहिली. नीरजा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. 

"ही प्रत मी तीन वेळा वाचली आहे," ते शेवटी म्हणाले. "तिसऱ्यांदा, या वाक्यावर टिपण काढलं होतं. म्हणजे आपण गेल्या वर्षी ज्याला नवा प्रयोग म्हणालो, तो खळीनं चिकटवलेला होता."

"सर, मी..."

"थांबा, मला अजून लाज वाटून व्हायची आहे."

"आन् थांबा, थांबा," रंगराव पाटावरून अर्धे उठले. "माश्या म्हनलात? त्यो पोस्टातला मानूस? सकाळी कडी काढतो त्यो?"

"तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय म्हंजे! गेल्या दिवाळीत. आन् माज्या पुस्तकात माश्या न्हाईतच पुढं! रातभर बसून राहतो, कडी काढतो आन्... रस्ता बघून ती परत आत आली. ती! म्हनलं, ही कोन? मग ध्यानात आलं, बायको हाय. मागं दाराशी निरोप द्यायला आली आसंल. ह्यानं वळून न्हाई बघितलं. मग पुढचं समदं तिचंच. कचेरी, सैपाक, लोकांची बोलनी. मी म्हनलं, वा रे पठ्ठ्या! सोताच्या चरित्रात आर्धं पुस्तक बायकोला दिलं. आसं कुनी देत न्हाई हो." त्यांचा आवाज जरा बसला. "मी चार दिवस गाळ्यावर गप होतो."

प्रेमलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "तरीच!" त्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, दिवाळीपासून हे मला 'तुला काय वाटतं' असं विचारायला लागले कसे! मला वाटलं, डॉक्टरनं काही सांगितलंय की काय यांना."

गच्ची हसली. आधी रंगरावच हसले, मग सगळे, आणि त्या हसण्यात नीरजाचे काहीही विरघळले नाही, हे तिला त्याच क्षणी कळले. मागून बापूराव दोन्ही हात जोडून पुढे आले. "माणूस चांगला आहे हो बाइंडर. त्या सुमाराला मोतीबिंदू काढून घेतला त्यानं. उद्याच दोन्ही उसवून नीट शिवून घेतो."

"बापूराव," प्रेमलाबाई म्हणाल्या, "आमचं उसवायचं नाही. सांगून ठेवते."

यज्ञेश्वर सरांनी पुस्तक मिटले. "नीरजाबाई, एक विचारू? तुम्ही बँक सोडलीत, ती या वाक्यावर, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"हो सर."

"मग आता? परत आत?"

नीरजाला आपली शाखा दिसली. खिडकीतली ती जागा, जिथे आता काच बसवली होती आणि काचेमागे एक हसतमुख मुलगा. तिने गॅलरीतल्या कुंड्या पाहिल्या, दुपारचे वाचन पाहिले, आणि दहाला चपला न शोधणारे आपले पाय. वाक्य चुकीचे होते. बाहेर येणे चुकीचे नव्हते. ते तर केव्हाच होऊन गेले होते.

"कुठे जाऊ सर? माझी खुर्चीसुद्धा ठेवली नाही त्यांनी," ती म्हणाली. "आणि खरं सांगायचं तर, उजाडलंय."

मग भाग्यश्री बोलली. उभी राहून, हळदीची बोटे असलेले पुस्तक दोन्ही हातांत धरून. ही प्रत तिच्या आईची होती. आई जिल्हा परिषदेत होती, अजून आहे. लोक विचारत, एवढा त्रास आहे तर सोडत का नाहीस, तेव्हा आई म्हणे, शालिनीसारखी रोज दार उघडून पाहते, आणि रोज स्वतःच्या मनाने आत येते. "माझ्याकडे काम नाही न सध्या," भाग्यश्री म्हणाली, "रोज जाऊन बसायचं फक्त. तेव्हा मला हे फार उपयोगी पडलं. म्हणजे, स्वतःच्या मनानं आत जाणं." हे तिने सगळ्यांना सांगितले, पण पाहिले नीरजाकडे. नीरजाने मान हलवली. हलवतच राहिली.

पुढे कोण काय वाचून आले होते ते राहूनच गेले. रंगरावांना माश्यांचे पुढे काय झाले ते हवे होते, यज्ञेश्वर सरांना शालिनीचे. एकमेकांना अडवत, पाने दाखवत, सगळे कथानक सांगत सुटले, आणि अंधार पडायला लागला तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की पन्ह्याचे पातेले काठोकाठ तसेच आहे.

"नियमाप्रमाणे," यज्ञेश्वर सर पातेल्याकडे पाहत म्हणाले, "यातला थेंबही कोणाला देता येत नाही."

"सर, मला नियम माहीत नव्हता," भाग्यश्री म्हणाली आणि तिने ओले फडके काढले. पहिला पेला भरून तिने नीरजापुढे धरला, आणि तो सोडण्याआधी, हळू आवाजात, विचारले, "आई, पण त्या पेट्या पावसाळ्यात झाकायच्या कशा?"

नीरजाने पेला घेतला, सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली आणि सांगायला सुरुवात केली.